दोन वर्षांचा हिशेब एकट्या आईकडेच का?

आपल्या घरांत नव्या बाळंतिणीला दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'दोन वर्षं अंगावर पाजायचं, कुरआनात सांगितलंय.' आणि दुसरे, 'तुला दूधच पुरत नाही, डब्याचं चालू कर.' पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच आठवड्यात बोलली जातात. पहिले वाक्य हुकूम देते, दुसरे निकाल सुनावते. दोन्हींत तिला मदत करण्याची गोष्ट कुठेच येत नाही.

एखादी आई दीड-दोन वर्षे पाजते आणि दुसरीचे दूध दोन महिन्यांतच सुटते, हे कशावर ठरते? गल्लीतली उत्तरे तयार असतात: आजकालच्या मुलींना हौस नाही, नोकरीचे वेड आहे, शिकल्या म्हणून डोक्यावर बसल्या. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. एकच अडचण हजारो वापरणाऱ्यांना येत असेल तर आम्ही त्या हजारांना नावे ठेवत नाही, यंत्रणा उघडून बघतो. आईच्या दुधाच्या बाबतीतही तेच करायला हवे. आणि सुरुवात त्याच आयतीपासून करू, जिचा दाखला तिला दिला जातो.

सूरह बकराच्या २३३व्या आयतीत दोन वर्षांचा उल्लेख आहे, हे खरे. पण तो ज्यांना मुदत पूर्ण करायची आहे त्यांच्यासाठी आहे. आणि आयत तिथे थांबत नाही. पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी ती बापावर टाकते. कुणावरही त्याच्या कुवतीबाहेर भार नको, मुलापायी आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असे बजावते. त्याआधी दूध सोडवायचे असेल तर दोघांनी सल्लामसलत करून, राजीखुशीने ठरवावे, त्यात गुन्हा नाही, असे सांगते. दुसरीकडून पाजून घेण्याचीही मुभा देते. प्रेषितांना स्वतःला हलीमा सादिया यांनी पाजले होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे एका आयतीत मुदत आहे, खर्च आहे, बापाचे कर्तव्य आहे, आईचे संरक्षण आहे आणि पर्यायही आहे. आपण त्यातली मुदत तेवढी उचलली आणि आईच्या हातात ठेवली. बाकीचे कलम ज्यांना लागू होते, त्यांनी ते वाचलेच नाही.

दुसरा दाखला हजरत उमर यांच्या काळातला. इब्न सादच्या ग्रंथात तो नोंदलेला आहे. बैतुलमालमधून मुलांना भत्ता मिळायचा, पण दूध सुटलेल्या मुलांनाच. मदीनेबाहेर उतरलेल्या एका काफिल्यावर उमर रात्री पहारा देत होते. एक तान्हे मूल रडत होते. त्यांनी आईला पुन्हा पुन्हा जाऊन विचारले. शेवटी ती वैतागून म्हणाली, की मी त्याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध सुटल्याशिवाय भत्ता देत नाही. समोर उमरच उभे आहेत हे तिला ठाऊक नव्हते. त्या पहाटेच्या नमाजात त्यांना रडू आवरेना. नंतर दवंडी फिरली: मुलांचे दूध तोडायची घाई करू नका, आता जन्मल्यापासून भत्ता मिळेल.

त्या बाईच्या मायेत काही कमी नव्हते. नियम चुकीचा होता. राज्यकर्त्याने तिला उपदेश केला नाही, नियम बदलला. आजच्या घडीला आपल्या आयांचे दूध कोणकोणते नियम तोडतात, हे तपासायचे तर चार ठिकाणी जावे लागेल: दवाखाना, घर, कामाची जागा आणि बाजार.

आधी दूध कसे येते ते समजून घेऊ, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. आपला जिल्हा दुधाचा. गोकुळचा संघ १९६३चा, आणि गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला रात्री आजही गर्दी होते. इथल्या पोरासोरांनाही कळते की जनावराला वैरण, पाणी, विसावा मिळाला नाही, धार वेळेवर काढली नाही, तर दूध आटते. म्हैस व्याल्यावर पहिला चीक रेडकाच्या तोंडी गेलाच पाहिजे, हे गोठ्यातला गडी आपल्याला शिकवतो. मात्र बाळंतिणीचा तोच पिवळसर चीक 'घाण दूध' म्हणून पिळून टाकायला सांगणारी माणसे अजून आहेत. बाईच्या शरीराचे गणितही साधेच आहे. बाळ जितके ओढते, तितके नवे तयार होते. ओढण्याने मेंदूकडे निरोप जातो, प्रोलॅक्टिन वाढते, दूध बनते. ऑक्सिटोसिनने पान्हा फुटतो, आणि भीती, वेदना, ताण यांनी तो अडखळतो. रात्रीचे पाजणे या चक्रात विशेष महत्त्वाचे असते.

आता या चक्रात वरचे दूध घाला. बाळाचे पोट बाटलीने भरते, ते कमी ओढते, शरीराला निरोप जातो की गरज कमी झाली, दूध कमी बनते. मग घरातले म्हणतात, 'बघ, म्हणत होते ना, पुरत नाही.' आमच्या भाषेत याला फीडबॅक लूप म्हणतात. 'दूध पुरत नाही' हे आया लवकर थांबण्याचे जगभर सांगितले जाणारे मोठे कारण आहे, पण खरोखर दूध कमी असलेल्या आया त्यामानाने थोड्या असतात. बाळ रडले की ते भुकेलेच असते असे नाही. सहा-आठ लघव्या होत असतील, वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांकडे जायचे, शेजारणीकडे नाही.

पहिले ठिकाण दवाखाना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीतले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळे मात्र ४१.८ टक्केच. दहातली जवळपास नऊ बाळे डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांसमोर जन्मतात आणि पहिल्या तासात आईपर्यंत चारच पोचतात, तर याला आईचे अडाणीपण कसे म्हणणार? याच पाहणीत खासगी दवाखान्यांतल्या सिझेरियनचे प्रमाण ४७.४ टक्के आहे, सरकारी दवाखान्यांत १४.३. सिझेरियननंतरही पाजता येते, पण टाके पडलेल्या बाईला बाळ धरून बसवायला, कुशीवर वळवायला कुणीतरी हात द्यावा लागतो. तो हात नसला की पहिली बाटली येते.

दवाखान्याने किती फरक पडतो याचा भक्कम पुरावा बेलारूसमध्ये सापडला. तिथे ३१ प्रसूतिगृहांपैकी काहींत चिठ्ठ्या टाकून कर्मचाऱ्यांना स्तनपानाचे प्रशिक्षण दिले, बाकीच्यांत नेहमीचा कारभार चालू ठेवला. सतरा हजारांवर आया-बाळांवर लक्ष ठेवले. २००१ साली निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांना निव्वळ आईचे दूध पिणारी बाळे प्रशिक्षित दवाखान्यांत ४३.३ टक्के होती, इतरांत ६.४. वर्षाच्या बाळांत अजून अंगावर पिणारी १९.७ टक्के, आणि इतरांत ११.४. देश तोच, आया त्याच, माया तीच. बदलले होते दवाखान्याचे वागणे.

दुसरे ठिकाण घर. पहिल्या चाळीस दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीची चांगली बडदास्त ठेवतात: शेक, मालीश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. ही आपली जमेची बाजू. पण चाळीसवा झाला की तीच बाई पुन्हा सगळ्या घराच्या रोट्या लाटायला लागते. बाळ दोन तासांनी भुकेले होते आणि एकदा पाजायला वीस-तीस मिनिटे जातात. हा वेळ कुणाच्या वाट्यातून काढायचा, यावर दूध किती दिवस टिकणार ते ठरते. नवऱ्याने रात्री उठून बाळाची ढेकर काढली, कपडे बदलले, सकाळचा चहा केला, तर ते दुधाचेच काम झाले. आयतीतल्या 'बापाच्या जबाबदारी'चा आजचा अर्थ पगार आणून देण्यापुरता धरू नये.

घरातल्या काही रीतीही तपासायला हव्यात. तहनीकमध्ये खजुराचा अंश बाळाच्या टाळूला लावतात. ती सुन्नत आहे आणि तिचे स्वरूप प्रतीकात्मक आहे. तिच्या नावाखाली मधाचे बोट, साखरपाणी, मग रोजची बाळगुटी सुरू होते, तेव्हा ती सुन्नत राहत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको, आपल्या उन्हाळ्यातही नको. सहा महिन्यांनंतर मात्र वरचे अन्न लागतेच, आणि त्याच्या जोडीला दोन वर्षे किंवा पुढेही आईचे दूध चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रमजानचेही तसेच. पाजणाऱ्या आईला रोजे सोडण्याची सवलत शरीयतने दिली आहे, पण ती सवलत घेणारीकडे घरातली नजर अशी वळते की ती बिचारी निमूट सहरीला उठते.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या अर्थतज्ज्ञांनी भारतातली आकडेवारी तपासून २०११ साली दाखवून दिले की मुलींना मुलांपेक्षा कमी काळ पाजले जाते. कारण दुष्टपणाचे नाही, म्हणून ते जास्त बोचते. पाजत असताना गर्भधारणेची शक्यता कमी असते आणि पुन्हा दिवस गेले की आया सहसा पाजणे थांबवतात. मुलगी झाली की मुलासाठी पुढची पाळी लवकर हवी असते, म्हणून तिचे दूध लवकर सुटते. जिथे पाणी आणि वरचे दूध अस्वच्छ, तिथे याची किंमत मुलीच्या जिवाने चुकते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. देशभरातल्या मुस्लिमांचा आकडा तेव्हा ९५० होता, देशाच्या ९२७ पेक्षा बरा. त्याचे समाधान जरूर मानू. पण 'आता पुढचा मुलगा होऊ दे' ही दुआ पहिल्या मुलीच्या पाळण्याशेजारी उभे राहून मागितली जात नाही, असे छातीवर हात ठेवून आपल्यापैकी किती जण सांगतील?

तिसरे ठिकाण कामाची जागा. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी दिली. २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे केली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. कागदावर हे उत्तम आहे. मी कामावर परतले तेव्हा आमच्या कंपनीतही पाळणाघर कागदावरच होते. ज्या खोलीवर ते दाखवले होते तिथे जुने मॉनिटर रचलेले. दूध काढायला जागा म्हणजे स्वच्छतागृह. शिवाय बैठका नेमक्या पाजण्याच्या वेळी. तीन आठवड्यांत माझे दूध निम्म्यावर आले. आम्ही चौघींनी मिळून, कायद्याचे कलम लिहून, अर्ज दिला. खोली रिकामी झाली, आतून कडी बसली, एक छोटा फ्रिज आला. कंपनीला त्यासाठी एका लॅपटॉपइतकाही खर्च आला नसेल. त्यानंतर मी माझ्या लेकराला सतरा महिने पाजले. माझी इच्छाशक्ती कडी बसण्याआधी आणि नंतर सारखीच होती.

पण मी पगारी रजेवर जाऊ शकणाऱ्या मूठभर बायकांपैकी. याच जिल्ह्यातल्या हुपरीत घरी बसून चांदीच्या पैंजणाचे काम करणारी बाई नगावर पैसे मिळवते. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या वस्तीत, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारीच्या आयुष्यात 'रजा' हा शब्द म्हणजे बुडालेली मजुरी. दर हंगामात बीडकडून आपल्या साखर कारखान्यांवर येणारी ऊसतोड कामगार बाई तर 'कोयता' म्हणून नवऱ्यासकट मोजली जाते. तिचे तान्हे बांधावर झोळीत असते, आणि गाडी भरल्याशिवाय तिला त्याच्याकडे बघायची सवड नसते. अशा आयांसाठी केंद्राची मातृवंदना योजना आहे. पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पाच हजारांना सहा महिन्यांच्या दिवसांनी भागा: रोजचे २८ रुपयेही पडत नाहीत. तमिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून १८ हजारांची मदत ठरवलेली आहे. उमर यांच्या भत्त्याची गोष्ट सांगणाऱ्या समाजाने ही मागणी महाराष्ट्रात लावून धरायला नको का?

चौथे ठिकाण बाजार. डब्याच्या दुधाच्या कंपन्यांनी गरीब देशांत केलेल्या प्रचाराविरुद्ध १९७७ साली नेस्लेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली, १९८१ साली जागतिक संहिता आली. भारताने १९९२ साली त्यावर कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालील बाळांच्या दूध-अन्नाची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू, डॉक्टर-नर्सना प्रलोभन, सगळ्याला मनाई आहे. डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायलाही बंदी आहे. पण आता जाहिरात भिंतीवर नसते, मोबाइलमध्ये असते. गोड आवाजातली एखादी 'मॉम' आपल्या बाळाची दिनचर्या दाखवता दाखवता डबा हातात धरते. रात्री तीन वाजता रडणारे बाळ मांडीवर घेऊन मोबाइल बघणारी आई काय शोधते, काय बघून थांबते, हे टिपून तिच्यापुढे पुढची गोष्ट ठेवणाऱ्या यंत्रणा कशा बनतात, ते माझ्या पेशातल्या लोकांना चांगले माहीत आहे. ती त्या वेळी सगळ्यात थकलेली आणि सगळ्यात एकटी असते. तिच्या शेजारी जागे असलेले माणूस हा या जाहिरातीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

हे सगळे लिहिताना एक सावधगिरी. ज्या आईला पाजता येत नाही, औषधे चालू आहेत, आजार आहे, मूल दत्तक आहे, किंवा सगळे करून थकून जिने थांबायचे ठरवले आहे, तिला कुणी टोचून बोलू नये. वैद्यकीय सल्ल्याने, उकळलेल्या पाण्यात, योग्य मापाने दिलेले डब्याचे दूध म्हणजे पाप नाही. दावणीला बांधायची ती यंत्रणा, आई नव्हे. पण डाव मोठा आहे, हेही विसरू नये. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली मांडलेल्या हिशेबानुसार जगभर स्तनपान योग्य प्रमाणात झाले तर दरवर्षी आठ लाख २३ हजार बालमृत्यू आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे वीस हजार मृत्यू टळू शकतात.

महाराष्ट्राला याची जाण नाही असे नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली हिरकणी आपण शाळेत शिकलो. एसटी स्थानकांतल्या स्तनपानाच्या खोल्यांना तिचेच नाव दिले. पण २०२३च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदार सरोज अहिरे बाळ घेऊन विधान भवनात आल्या, तेव्हा तिथल्या हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. जिथे कायदे होतात तिथे ही गत. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने स्तनपान हा आईचा राज्यघटनेच्या कलम २१खालचा हक्क असल्याचे म्हटले. हिरकणीच्या कौतुकात आपण एक प्रश्न विचारायचा राहून जातो: आईला कडा उतरायला लागूच नये, यासाठी दरवाजा कुणी उघडायचा?

मित्रमैत्रिणींनो, काही दरवाजे आपल्याच हातात आहेत. शादीखान्यात, जमातखान्यात, दर्ग्याच्या आवारात पडदा, खुर्ची आणि पंखा असलेला एक कोपरा करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, विश्वस्तांच्या बैठकीत एक ठराव पुरतो. पन्नासच्या वर माणसे असलेल्या कंपनीत काम करत असाल तर पाळणाघर कुठे आहे, हे मुलांनीही विचारा. हा प्रश्न फक्त बायकांनी विचारायचा, असे कायद्यात लिहिलेले नाही. घरी येणाऱ्या आशाताईंना दारातून परत पाठवू नका. बसवा, सासूबाईंनाही शेजारी बसवा, आणि बाळ कसे धरायचे ते बघून घ्या. बाळंतपणासाठी दवाखाना ठरवताना खोलीचे भाडे विचारता, तसेच 'पहिल्या तासात बाळ आईजवळ देता का?' हेही विचारा. दहा घरांनी विचारले तर अकराव्याच्या वेळी दवाखाना आधीच सांगेल.

ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. त्यात एक जुम्मा येतोच. आपापल्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना आतापासून विनंती करा, की त्या दिवशी बयानात ती आयत पुरी सांगा, बापाच्या जबाबदारीसकट आणि दोघांच्या सल्लामसलतीसकट. समोरच्या सफांमध्ये बसलेले सगळे पुरुषच असतील. त्यांच्यासाठीही त्या आयतीत पुष्कळ काही आहे.